गोल टेबलाची पंगत : वाचकांचे प्रश्न

उंची चिनी रेस्तराँमध्ये समूहाने जेवायला जाण्यासंबंधी आलेल्या पत्रांपैकी काही पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. बऱ्याच पत्रांतील अडचण मुळात एकच असल्यामुळे तिचे उत्तर पहिल्याच प्रश्नात सविस्तर दिले आहे.

प्रश्न : निवृत्त होणाऱ्या एका सहकाऱ्याला निरोप देण्यासाठी आम्ही दहा जण चिनी रेस्तराँमध्ये जेवायला जाणार आहोत. मागे अशाच एका प्रसंगी प्रत्येकाने आपापला पदार्थ मागवला होता. काहींचे जेवण आटोपत आले तरी काहींच्या पुढ्यात काहीच आले नव्हते, आणि शेवटी पाहिले तर तिखटगोड सॉसमधल्या जवळपास सारख्याच तीन डिश टेबलावर होत्या. हा रेस्तराँचा गलथानपणा म्हणायचा की मागवण्यातच काही चुकते?

उत्तर : मेन्यूकार्ड दहा हातांत फिरू लागले, तेथेच ते जेवण बिघडले होते. चिनी जेवण माणसागणिक नव्हे, तर टेबलागणिक मागवायचे असते. मोठ्या आचेवरच्या कढईत, म्हणजे वोकमध्ये, परतण्याचा पदार्थ काही मिनिटांत होतो आणि झाल्याबरोबर तो बाहेर पाठवावा लागतो, कारण तो थांबला की भाज्या पाणी सोडतात आणि आचेचा जो खमंग वास त्यात उतरलेला असतो तो निघून जातो. दहा जणांच्या दहा डिश एकाच क्षणी टेबलावर मांडण्याची व्यवस्था या स्वयंपाकघरात मुळातच नसते. जे आले ते सर्वांनी मिळून खायचे, पुढचे येईपर्यंत गप्पा मारायच्या, हाच तिथला क्रम आहे. त्यामुळे वाढप्याचा दोष फारसा दिसत नाही.

तेव्हा ऑर्डर देण्याचे काम एकाच व्यक्तीकडे सोपवावे. कोणाला काय चालत नाही एवढेच इतरांकडून आदल्या दिवशी विचारून घ्यावे. काय आवडते ते विचारू नये, कारण आवडीनिवडींची यादी दहा जणांची झाली की तिच्यातून जेवण उभे राहत नाही. किती डिश मागवाव्यात यासाठी चार-पाच जणांच्या टेबलाला भात आणि सूप सोडून माणसांइतक्या किंवा त्याहून एक जास्त डिश, असा जुना अंदाज आहे. चीनमध्ये अन्न वाया जाण्याविरुद्ध मोहीम सुरू झाली तेव्हा, 2020 साली, वूहानमधील खाद्यव्यावसायिकांच्या संघटनेने उलट माणसांपेक्षा एक डिश कमी मागवण्याचे आवाहन केले होते. दहा जणांसाठी मला हा दुसरा हिशेब अधिक पटतो. आठ-नऊ डिश पुरतात, मात्र एका डिशमध्ये किती जणांपुरते येते ते आधी विचारावे, कारण काही ठिकाणी लहान, मध्यम आणि मोठी अशी तीन मापे असतात आणि वाढपी आपण होऊन ते सांगेलच असे नाही.

खरी कसोटी डिशच्या संख्येत नसून त्यांच्या मेळात आहे. पुष्कळ लोक एक चिकनची, एक माशाची, एक भाजीची अशी वाटणी करतात आणि तरीही सगळे एकसुरी का लागले याचे कोडे त्यांना सुटत नाही. ते सुटत नाही, कारण तिन्ही डिश तळून सॉसमध्ये घोळवलेल्या असतात. निवड करताना जिन्नसाइतकेच शिजवण्याच्या पद्धतीकडे लक्ष द्यावे. एखादी वाफवलेली, एखादी नुसती परतलेली, एखादी मंद आचेवर मुरवलेली, तळलेली फार तर एक किंवा दोन, आणि हिरव्या पालेभाजीची लसूण घालून परतलेली एक डिश न चुकता, असा मेळ घातला तर आठवी डिश येईपर्यंत जिभेला थकवा येत नाही. सुरुवातीला दोन थंड डिश असाव्यात. काकडी, लाकडी अळंबी किंवा थंड कापलेले मांस अशा त्या असतात, लगेच येतात आणि गरम पदार्थ निघेपर्यंतचा वेळ निभावून नेतात. सिचुआनी तिखट डिश मागवणार असाल तर ती मधल्या टप्प्यानंतर यावी असे सांगून ठेवावे. सिचुआनी मिरीतील सॅन्शूल नावाच्या द्रव्याने ओठ आणि जीभ झिणझिणतात, आणि त्यानंतर आलेल्या नाजूक वाफवलेल्या माशाची चव कोणालाच कळत नाही.

रेस्तराँ कोणत्या प्रांताच्या पद्धतीचे आहे हे फोनवरच विचारावे. चीनमध्ये आठ पाकपरंपरा प्रमुख मानतात : शान्डाँग, सिचुआन, ग्वांगडाँग, च्यांग्सू, चच्यांग, फूच्येन, हूनान आणि आन्ह्वेई. कँटनी, म्हणजे ग्वांगडाँगकडच्या, पद्धतीच्या रेस्तराँमध्ये वाफवलेला मासा, भाजलेले बदक आणि दुपारचे डिमसम, म्हणजे वाफवलेले किंवा तळलेले छोटे छोटे पदार्थ, घ्यावे. सिचुआनी ठिकाणी मापो टोफू आणि सुकी मिरची घालून परतलेले चिकन घ्यावे. कँटनी खानसाम्याकडून मापो टोफूची अपेक्षा करणे आणि मग ते मिळमिळीत झाले म्हणून नाराज होणे हा त्याच्यावर अन्याय आहे. जिथे मेन्यूकार्डवर आठही प्रांत गुण्यागोविंदाने नांदत असतात, तिथे मी वाढप्याला एकच विचारते : मुख्य खानसामा कुठला आणि त्याच्या हातची कोणती डिश लोक पुन्हा पुन्हा मागवतात?

आता आगाऊ सांगायच्या गोष्टी. पेकिंग डक ऐन वेळी मागवून मिळेलच असे नाही. बदकाची कातडी आणि मांस यांच्यामध्ये हवा भरून ती सुटी करतात, उकळते पाणी ओततात, माल्ट साखरेचा पाक लावतात आणि मग ते तासन्‌तास टांगून वाळवतात. त्याशिवाय भाजल्यावर कातडी कुरकुरीत होत नाही. बीजिंगमधील 1864 साली स्थापन झालेले छ्वान्चूद हे रेस्तराँ फळझाडांच्या लाकडावर, उघड्या भट्टीत टांगून बदक भाजण्यासाठी प्रसिद्ध आहे, तर त्याहून जुने प्येन्यीफांग बंद भट्टीसाठी. एक बदक चार-पाच जणांना पोटभर होते. दहा जणांमध्ये प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन गुंडाळ्या येतात आणि इतर डिश असतील तर तेवढे पुरेसे असते. पातळ पोळीवर गोडसर सॉस, कांद्याची पात, काकडी आणि बदकाचे काप ठेवून ती गुंडाळायची आणि गरम असतानाच खायची. बदक कापून झाल्यावर उरलेल्या सांगाड्याचे सूप करणार की मांस परतून आणणार, आणि त्याचे वेगळे पैसे पडणार का, हेही त्याच फोनवर विचारून घ्यावे. मातीत लिंपून भाजलेली कोंबडी आणि अनेक सुक्या समुद्री जिन्नसांचे ते प्रसिद्ध फूच्येनी सूप यांनाही एक-दोन दिवसांची पूर्वसूचना लागते.

ठरलेला मेन्यू, म्हणजे सेट मेन्यू, घ्यावा का, असेही काहींनी विचारले आहे. तो रेस्तराँच्या सोयीचा असतो, हे मान्य करूनही बाराहून अधिक माणसे असतील तर तोच घ्यावा; फक्त त्यातील दोन डिश बदलून मागाव्यात. बहुतेक ठिकाणी नकार मिळत नाही.

भाताबद्दल शेवटचे. मेजवानीत भात किंवा नूडल्स अगदी शेवटी येतात. तुमच्या मंडळींना पहिल्या घासापासून भात लागत असेल तर ऑर्डर देतानाच तसे सांगावे, नाहीतर कोरडे पदार्थ संपल्यावर भाताचे वाडगे पुढे येतील.

प्रश्न : आमच्या बारा जणांच्या गटात तीन जण काटेकोर शाकाहारी आहेत आणि एकीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. भाज्या आणि टोफू मागवले की झाले, असे इतरांना वाटते. शिवाय सर्व डिश सर्वांच्या असतील, तर चमचे मिसळणार त्याचे काय?

उत्तर : भाज्या आणि टोफू मागवले की झाले नाही. चिनी स्वयंपाकात टोफू हा मांसाचा पर्याय म्हणून जन्माला आलेला नाही. तो मांसाबरोबर सुखाने शिजतो. मूळ मापो टोफूमध्ये गोमांसाचा किंवा डुकराच्या मांसाचा खिमा असतो. सिचुआनी पद्धतीच्या सुक्या परतलेल्या शेंगांमध्येही खिम्याचे कण असतात. चकचकीत हिरव्या पालेभाजीवर ऑयस्टर सॉस असू शकतो, आणि तो कालवांच्या अर्कापासून होतो. निव्वळ भाज्यांचे दिसणारे सूप कोंबडीच्या किंवा डुकराच्या हाडांच्या पाण्यावर बेतलेले असते. एक्सओ या नावाने मिळणाऱ्या सॉसमध्ये सुके शिंपले, सुकी कोळंबी आणि हॅम असते. हाँगकाँगमध्ये 1980च्या दशकात पुढे आलेला हा सॉस आता भातापासून फरसबीपर्यंत कुठेही घालतात.

म्हणून ‘हे शाकाहारी आहे का’ असा प्रश्न उपयोगाचा नाही. त्याला होकार मिळतो आणि होकार देणाऱ्याच्या मनात फक्त मांसाचे तुकडे नाहीत एवढेच असते. प्रश्न सुटा करून विचारावा : खिमा आहे का, ऑयस्टर सॉस आहे का, सुकी कोळंबी आहे का, पाणी कशाचे आहे, तळण डुकराच्या चरबीत आहे का. अळंबीपासून केलेला शाकाहारी ऑयस्टर सॉस मिळतो आणि चांगल्या रेस्तराँमध्ये तो बहुधा असतोच. हे विचारणे टेबलावर बसल्यावर, बारा जणांची भूक वाढत असताना करू नये. आरक्षण करतानाच सांगितले तर खानसाम्याला वेगळे पाणी उकळून ठेवता येते.

चिनी बौद्ध विहारांची शाकाहारी पाकपरंपरा फार जुनी आणि समृद्ध आहे. गव्हातील प्रथिन, टोफूची साय आणि अळंबी यांपासून बदक, मासा, हॅम यांचे हुबेहूब आभास तिथे घडवतात. कांदा, लसूण आणि त्यांच्या कुळातील उग्र पदार्थही काटेकोर बौद्ध स्वयंपाकात वर्ज्य असतात. रेस्तराँच्या मेन्यूत अशा डिशचा वेगळा विभाग असेल तर तुमचे काम सोपे झाले. तो नसेल तर अळंबी आणि बांबूचे कोंब, वांग्याची खिमा न घालता केलेली डिश, कमळाच्या देठांचे परतलेले काप, वाफवलेला टोफू आणि लसणातली पालेभाजी यांतून तिघांचेच नव्हे, बाराही जणांचे जेवण उत्तम सजते. इथे मी एक आग्रह धरेन : शाकाहारी डिश तिघांसाठी म्हणून मोजू नयेत. त्या टेबलावर आल्या की मांसाहारी मंडळीच आधी हात घालतात, आणि ज्यांच्यासाठी त्या मागवल्या त्यांच्यापुढे रिकामे ताट फिरत येते. बारा डिशपैकी पाच शाकाहारी ठेवाव्यात.

चमचे मिसळण्याचा प्रश्न रास्त आहे. उंची चिनी रेस्तराँमध्ये प्रत्येक डिशला वाढून घेण्याचा स्वतंत्र चमचा किंवा वाढण्याच्या वेगळ्या चॉपस्टिक्स देतात. काही ठिकाणी प्रत्येकापुढेच दोन रंगांच्या दोन जोड्या ठेवतात, एक वाढून घेण्यासाठी आणि एक खाण्यासाठी. तरीही गप्पांच्या ओघात खेकड्याचा चमचा टोफूत पडतो. टेबल मोठे असेल तर शाकाहारी डिश टेबलाच्या मधोमध असलेल्या फिरत्या पाटावर न ठेवता त्या तिघांच्या बाजूला एकत्र ठेवाव्यात आणि त्या तिघांना शेजारी शेजारी बसवावे. ज्यांची श्रद्धा कढईसुद्धा वेगळी मागते, त्यांनी पूर्ण शाकाहारी रेस्तराँच निवडावे. मिश्र स्वयंपाकघराकडून ती हमी मागणे व्यर्थ आहे.

शेंगदाण्याची गोष्ट याहून गंभीर आहे आणि तिथे भीड बाळगू नये. शेंगदाण्याचे तेल, कुटलेले दाणे आणि तिळाबरोबर वाटलेले सॉस चिनी स्वयंपाकात सर्वत्र असतात, आणि एका कढईत एकामागून एक पदार्थ निघतात. ॲलर्जी तीव्र असेल तर आरक्षणाच्या वेळी व्यवस्थापकाशी बोलावे, त्यांचे उत्तर मोघम वाटले तर दुसरे ठिकाण शोधावे, आणि त्या व्यक्तीने आपले औषध जवळ ठेवावे. ज्यांना गहू चालत नाही त्यांच्यासाठी इतकेच, की नेहमीच्या सोया सॉसमध्ये गहू असतो. मद्य पूर्ण वर्ज्य असणाऱ्यांनीही विचारून घ्यावे. तांदळापासून केलेली शाओशिंग वाइन मांस मुरवण्यासाठी सर्रास वापरतात.

प्रश्न : टाकीतला जिवंत मासा दाखवून वाढप्याने ‘हा घेऊ का?’ असे विचारले आणि आम्ही मान डोलावली. बिल पाहिले तेव्हा तो एक मासा बाकीच्या निम्म्या जेवणाइतका महाग निघाला. मेन्यूत त्याची किंमत नव्हती. हे योग्य आहे का?

उत्तर : मेन्यूत किमतीच्या जागी ‘बाजारभावाप्रमाणे’ किंवा ‘हंगामी दर’ असे लिहिलेले असणार. ताजी मासळी, खेकडे, लॉब्स्टर यांचा दर रोज बदलतो, म्हणून ही पद्धत आहे. तिच्यात लबाडी असतेच असे नाही, पण न विचारणाऱ्याला ती महाग पडते. मान डोलावण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात : वजनाच्या कोणत्या मापाला काय दर आहे, आणि या माशाचे वजन किती. मापाचा प्रश्न वरवर वाटतो तितका क्षुल्लक नाही. चीनच्या मुख्य भूमीवरील पारंपरिक ‘जीन’ आज 500 ग्रॅमचा आहे, तर हाँगकाँगमधील तेच माप सुमारे 605 ग्रॅमचे आहे, आणि काही रेस्तराँ दर 100 ग्रॅमला सांगतात. शिवाय वजन जिवंत माशाचे असते. साफ केल्यावर ते घटते.

इतर डिश असताना दहा जणांना 700-800 ग्रॅमचा एक मासा पुरतो. वाढपी टाकीतला सर्वांत मोठा मासा जाळीत धरून आणतो, कारण तो रुबाबदार दिसतो. मात्र लहान मासा वाफेवर अधिक एकसारखा शिजतो, तेव्हा ‘याहून लहान दाखवा’ असे म्हणण्यात कमीपणा नाही. यजमान म्हणून पाहुण्यांसमोर दर विचारणे अवघड वाटत असेल, तर टाकीपाशी स्वतः उठून जावे. आरोग्यदायी सूप, सुके शिंपले, ॲबलोनी (एक महागडा समुद्री शंखजीव) यांसारख्या डिशनाही हाच नियम लावावा, कारण त्या कधी कधी माणशी दराने आकारतात आणि मेन्यूतला आकडा एकाच वाडग्याचा असतो.

प्रश्न : व्यवसायाच्या निमित्ताने चिनी पाहुणे येणार आहेत आणि यजमानपद माझ्याकडे आहे. कोणाला कुठे बसवावे आणि काय टाळावे?

उत्तर : दाराकडे तोंड असलेली, दारापासून सर्वांत दूरची जागा मानाची. त्या जागी यजमान बसला तर मुख्य पाहुणा त्याच्या उजव्या हाताला असतो. ज्येष्ठ पाहुण्याला थेट तीच जागा देणेही शिष्टसंमत आहे. दाराला पाठ असलेली जागा कनिष्ठ सहकाऱ्याने घ्यावी, कारण वाढप्याशी बोलणे, बिल पाहणे ही कामे तिथून सोयीची होतात. पाहुण्यांनी स्वतः बसण्याआधी त्यांना जागा दाखवाव्यात, एवढे केले तरी निम्मे काम झाले.

नवी डिश पाटावर आली की ती मुख्य पाहुण्यासमोर थांबेल असा पाट फिरवावा आणि त्यांना आधी घेऊ द्यावे. पाट सावकाश, साधारणपणे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवतात आणि समोरचा वाढून घेत असताना त्याला हात लावत नाहीत. (हा फिरता पाट प्राचीन चिनी परंपरेचा भाग आहे, असे पुष्कळांना वाटते. मांचुरियातील 1910-11च्या न्यूमोनिक प्लेगशी झुंजणारे डॉक्टर वू लिएन-तेह यांनी एकाच ताटातून खाण्याने रोग पसरू नये म्हणून फिरत्या ताटाची कल्पना मांडली होती, पण रेस्तराँमध्ये हा पाट रूढ झाला तो 1950च्या दशकात, सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधून.) अख्खा मासा आला की त्याचे डोके मुख्य पाहुण्याकडे असावे, आणि वरची बाजू संपल्यावर मासा उलटू नये; काटा उचलून खालचे मांस घ्यावे. किनारपट्टीच्या लोकांना उलटलेल्या माशात उलटलेली होडी दिसते.

चहा आधी इतरांच्या पेल्यात, मग आपल्या पेल्यात ओतायचा, आणि किटलीची तोटी कोणाकडे रोखलेली राहू नये. कँटनी पाहुणा चहा ओतताना टेबलावर दोन बोटे हलकेच आपटेल. तो आभार मानत असतो, घाई करत नसतो. पाणी पुन्हा भरून हवे असेल तर किटलीचे झाकण तिरके ठेवतात, हाक मारावी लागत नाही.

मद्याचा प्याला भिडवताना ज्येष्ठांच्या प्याल्याच्या काठापेक्षा आपला काठ खाली धरावा. पायज्यू नावाचे धान्याचे मद्य बहुधा 40 ते 60 टक्के अल्कोहोलचे असते आणि छोट्या पेल्यातून एका दमात रिकामे करण्याचा आग्रह होतो; पीत नसाल तर सुरुवातीलाच तसे सांगून चहाचा पेला उचलावा. पहिला पेला घेऊन दुसऱ्याला नाही म्हणणे मात्र नक्कीच अवघड जाते. बिलावरून पाहुण्यांशी लाडिक ओढाताण होणार हे गृहीत धरून, फळे येण्याच्या सुमारास उठून ते चुकते करावे.

प्रश्न : चॉपस्टिक्सने खाता येत नाही. काटा-चमचा मागितला तर हसे होईल का?

उत्तर : होणार नाही. मागा आणि निश्चिंत जेवा. चॉपस्टिक्स वापरणारच असाल तर भातात त्या उभ्या खोचू नयेत, कारण ते मृतांपुढे लावलेल्या उदबत्त्यांसारखे दिसते. डिशमध्ये चांगला तुकडा शोधत उकराउकर करू नये आणि बोलताना त्या कोणाकडे रोखू नयेत. भाताचा वाडगा हाताने उचलून तोंडाजवळ नेणे तिथे शिष्टच मानतात. सूपचे डंपलिंग मात्र चॉपस्टिक्समध्ये निपुण असलेलेही चमच्यात ठेवूनच खातात, कारण ते फुटले की आतला उकळता रस कपड्यांवर येतो.

प्रश्न : चिनी जेवणानंतर घरातील काहींना डोके जड झाल्यासारखे वाटते. अजिनोमोटो न घालता करून मागावे का?

उत्तर : मागायला हरकत नाही, परंतु दोष त्याचाच आहे असे ठामपणे धरू नये. टोकियोतील रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी 1908 साली समुद्री शेवाळाच्या सूपमधून ग्लुटामेट वेगळे केले आणि त्यापासून मोनोसोडियम ग्लुटामेट, म्हणजेच आपला अजिनोमोटो, हे चवीचे द्रव्य तयार झाले. पिकलेला टोमॅटो आणि जुने चीज यांतही तेच ग्लुटामेट असते. 1968 साली एका वैद्यकीय नियतकालिकात रॉबर्ट हो मॅन क्वॉक या डॉक्टरांचे पत्र छापून आले. चिनी रेस्तराँमध्ये जेवल्यावर आपल्याला मानेमागे बधिरपणा, अशक्तपणा आणि धडधड जाणवते असे त्यात होते, आणि संभाव्य कारणांत सोया सॉस, स्वयंपाकातील वाइन, मीठ यांचाही उल्लेख होता. लोकांच्या लक्षात फक्त अजिनोमोटो राहिला. नंतरच्या प्रयोगांत, ज्यांत खाणाऱ्याला आणि देणाऱ्यालाही कशात काय आहे ते ठाऊक नव्हते, ही लक्षणे सातत्याने दिसली नाहीत. अमेरिकेची अन्न व औषध नियामक संस्था हे द्रव्य सर्वसाधारणपणे सुरक्षित मानते. रिकाम्या पोटी 3 ग्रॅम किंवा अधिक घेतल्यास काही संवेदनशील व्यक्तींना अल्पकाळ सौम्य त्रास होऊ शकतो, असेही ती सांगते, आणि एका वाढपात ते सहसा अर्ध्या ग्रॅमहून कमी असते.

माझा संशय मिठावर अधिक आहे. सोया सॉस, आंबवलेल्या सोयाबीनचे वाटण, खारवलेल्या भाज्या आणि सूप असे सगळे एकाच जेवणात आले की मीठ भरपूर पोटात जाते. त्यात मद्य आणि उशिराचे जेवण. वाफवलेल्या डिश वाढवाव्यात, सॉस वेगळा मागवावा, साध्या भाताबरोबर जेवावे, आणि फरक पडतो का ते पाहावे. रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी तर हे करावेच.

प्रश्न : आम्ही मित्रमंडळी बिल सारखे वाटून घेतो. जे मद्य घेत नाहीत आणि मोजके खातात ते आता कुरकुर करू लागले आहेत.

उत्तर : कुरकुर रास्त आहे, पण तिचा उपाय प्रत्येक घासाचा हिशेब हा नव्हे. जेवण टेबलाचे असल्यामुळे कोणी किती खाल्ले हे कोणालाच सांगता येणार नाही. ते सारखेच वाटावे. मद्य मात्र सुरुवातीपासून वेगळ्या बिलावर घ्यावे, आणि लॉब्स्टरसारखी एखादी डिश चौघांच्याच हौसेने आली असेल तर ती त्या चौघांनी उचलावी. हे सर्व मेन्यू उघडण्यापूर्वी ठरवले तर कोणी कंजूष ठरत नाही.

बिलात न मागवलेले काही दिसले तर लगेच भांडायला उठू नये. कँटनी पद्धतीच्या ठिकाणी चहाचे माणशी पैसे लावतात, आणि बसल्याबरोबर समोर आलेले शेंगदाणे, लोणचे किंवा ओले टॉवेलही त्यात असू शकतात. नको असतील तर आल्या आल्या परत पाठवावेत. स्वतंत्र खोली घेतली असेल तर तिथे किमान खर्चाची अट असते. ती अट भाड्याची नसून जेवणाच्या रकमेची असते, सर्व्हिस चार्ज धरून की सोडून हे विचारावे, आणि दोन-तीन जण ऐन वेळी गळाले तर काय, हेही. अट पूर्ण करण्यासाठी शेवटी चार डिश उगाच मागवणारे गट मी पाहिले आहेत. त्याऐवजी तेवढ्या रकमेचा चांगला चहा किंवा बरोबर नेण्यासाठी डिमसम घ्यावे.

प्रश्न : उंची रेस्तराँमध्ये उरलेले बांधून मागणे बरे दिसते का?

उत्तर : चीनमध्येच आता ते अपेक्षित आहे. तेथे एप्रिल 2021 मध्ये अन्नाच्या नासाडीविरुद्ध कायदा झाला. त्यानुसार भरमसाट अन्न टाकणाऱ्या ग्राहकाकडून रेस्तराँ विल्हेवाटीचे पैसे घेऊ शकते, आणि ग्राहकाला जास्त मागवायला भरीस पाडणाऱ्या रेस्तराँलाही दंड होऊ शकतो. तेव्हा निःसंकोच डबे मागावेत. काय न्यावे याला मात्र मर्यादा आहेत. मुरवलेले मांस आणि टोफू दुसऱ्या दिवशी अधिक चवदार लागतात, तळलेले पदार्थ आणि डिमसमचे पातळ आवरण मऊ पडून जाते, वाफवलेला मासा तर टेबलावरच संपवावा. भात बराच वेळ बाहेर राहिला असेल तर तो नेऊ नये, कारण भातात वाढणाऱ्या काही जिवाणूंचे विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. जो नेला तो घरी गेल्याबरोबर फ्रिजमध्ये ठेवावा. बदकाचा सांगाडा रेस्तराँने सूपसाठी घेतला नसेल तर तोही बांधून मागावा. आले आणि कोबी घालून तासभर उकळला की दुसऱ्या दिवशीचे चौघांचे सूप त्यात निघते.